वेगवेगळे धातू जोडताना स्क्रू कुठला घ्यायचा?

"एसएसचा (म्हणजे स्टेनलेस स्टीलचा) स्क्रू घ्या, गंजायचं टेन्शनच नाही" हा सल्ला इतका फिरतो की आता ऐकवत नाही. स्क्रू नाही गंजत, बरोबर आहे, पण ज्या पत्र्यात तो बसलाय तो पत्रा त्याच स्क्रूमुळे खाल्ला जातो त्याचं काय? दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर ओल आली की तिथे बॅटरीच तयार होते, त्यात एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. कोण झिजणार तो क्रम साधारण असा: जस्त, ॲल्युमिनियम, साधं लोखंड, पितळ, तांबं, स्टेनलेस. जोडीतला जो आधी येतो तो झिजणार, आणि खारी हवा असेल तर लवकर झिजणार.

आधी तुमच्या हातात कुठले धातू आहेत ते बघा. एसएस ओळखायला चुंबकावर विसंबू नका, ३०४ (एसएसचा नेहमीचा प्रकार) चा बोल्टसुद्धा घडवताना थोडा चुंबकाला लागायला लागतो. डोक्यावरचा शिक्का वाचा, ए२ म्हणजे ३०४ च्या गटातला, ए४ म्हणजे ३१६ च्या. समुद्राजवळ ए४ च.

शक्य असेल तर धातूला त्याच धातूचा स्क्रू लावा, विषय संपला.

नसेल जमत तर पुढचं नीट वाचा, कारण मलाही हे डोक्यात बसायला बराच वेळ लागला होता. नुसता क्रम बघून भागत नाही, कुठला धातू किती पसरलाय तेही बघावं लागतं. झिजणारा धातू छोटा आणि वाचणारा मोठा असेल तर सगळी झीज त्या छोट्याशा तुकड्यावर येते. म्हणून एसएसच्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे रिव्हेट किंवा तांब्याच्या पत्र्याला झिंकचे स्क्रू कधीही म्हणजे कधीही मारू नका. उलट मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात मोजके एसएस स्क्रू बऱ्याचदा चालून जातात कारण झीज मोठ्या भागावर वाटली जाते, पण पाणी साचत असेल किंवा खारी हवा असेल तर तिथेही भोकाभोवती पत्रा खाल्ला जातो.

अशा ठिकाणी दोन्ही धातू एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, आणि इथेच लोक अर्धं काम करतात. डोक्याखाली नायलॉनचा वॉशर टाकला की झालं असं वाटतं, पण बोल्टचा दांडा भोकाच्या कडेला टेकलाच ना! भोक थोडं मोठं पाडा, दांड्यावर नायलॉनची स्लीव्ह (छोटी नळी) चढवा, वॉशर डोक्याखाली आणि नटाखाली दोन्हीकडे टाका, मग कोरडं असताना मल्टीमीटर (वीज आरपार जाते का ते दाखवणारं मीटर) बोल्ट आणि पत्र्याला लावून बघा, बीप वाजला तर कुठेतरी टेकतंय, परत खोला. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये एचएमएस अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला होता, लोखंडी खिळ्यांनी. पुढे तपासणी झाली तेव्हा बरेच खिळे पार खाल्ले गेलेले, पण तांब्याचे पत्रे ज्यात गुंडाळून आले होते तो ब्राऊन पेपर जिथे चुकून मध्ये राहिला होता तिथले शाबूत! नुसत्या कागदाने वाचवलं, तर तुमच्याकडे नायलॉन आहे.

रंग मारणार असाल तर दोन्हींवर मारा, आणि एकावरच जमणार असेल तर न झिजणाऱ्यावर मारा. ऐकायला उलटं वाटतं, पण झिजणाऱ्यावरच रंग दिला आणि तिथे एक ओरखडा पडला तर सगळी झीज त्या ओरखड्यातून आत घुसते आणि आरपार भोक पडतं.

एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर आवळताना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर मध्येच जाम होतो आणि मग कापूनच काढावा लागतो. ॲल्युमिनियमजवळ ग्राफाइटवालं अँटीसीझ मात्र नको, वरच्या क्रमात ग्राफाइट स्टेनलेसच्याही पुढचं आहे, म्हणजे ॲल्युमिनियमच झिजणार.

काही महिन्यांनी एकदा बघून घ्या, ॲल्युमिनियमवर डोक्याभोवती पांढरी पावडर दिसली तर स्लीव्ह फाटलीय, ती लगेच बदला.