सॉफ्टफोनवरचा कॉल सुरक्षित कसा करावा

लिनफोनसारख्या सॉफ्टफोनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या ॲपमध्ये, एसआयपी खातं (अशा कॉलसाठीचं खातं) जोडलं की कॉल लागतो आणि बहुतेक जण सेटिंग्ज तिथेच सोडतात. दहा मिनिटं अजून द्या.

१. पासवर्ड. लॉगिन करताना पासवर्ड उघडा जात नाही. सर्व्हर एक आकडा पाठवतो, फोन त्यात पासवर्ड मिसळून हॅश, म्हणजे त्यातून गणिताने काढलेला सांकेतिक ठसा, परत करतो. पण ही देवाणघेवाण कोणी टिपली, तर तो घरबसल्या लाखो पासवर्ड ताडून पाहू शकतो आणि सर्व्हरला पत्ताही लागत नाही. म्हणून पासवर्ड मॅनेजरकडून किमान २० अक्षरांचा, कुठलाही अर्थ नसलेला पासवर्ड बनवून घ्या.

२. ट्रान्सपोर्टमध्ये (फोन आणि सर्व्हरमधले निरोप कसे जातात ती सेटिंग) यूडीपी किंवा टीसीपी असेल तर निरोप उघडे जातात; तिथे ते झाकून पाठवणारं टीएलएस करा. पोर्ट सहसा ५०६१. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल इशारा आला तर तो डावलून पुढे जाऊ नका.

३. मीडिया एन्क्रिप्शन. खरी मेख इथे आहे. टीएलएसने फक्त कॉल जोडण्याचे निरोप झाकले जातात, आवाज नाही. आवाज झाकण्यासाठी एसआरटीपी ही पद्धत लागते आणि तिला किल्ली (कुलूप लावण्या-उघडण्याचा गुप्त आकडा) लागते. ॲपमध्ये नुसतं ‘एसआरटीपी’ निवडलं, तर ही किल्ली बहुधा त्या निरोपांतूनच जाते. म्हणजे टीएलएस बंद असेल तर ती वाटेत कोणालाही वाचता येते. चालू असलं तरी मधल्या सर्व्हरला दिसतेच. म्हणून मी झेडआरटीपी निवडायला सांगेन. क्रिप्टोग्राफीतले तज्ज्ञ फिल झिमरमन यांच्या पुढाकाराने बनलेल्या या पद्धतीत (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज आरएफसी ६१८९, २०११) दोन्ही फोन डिफी-हेलमन या गणिती रीतीने किल्ली आपापसात ठरवतात. ती सर्व्हरकडे जातच नाही.

त्याखालचा ‘एन्क्रिप्शन अनिवार्य’ हा पर्यायही चालू करा. नाहीतर समोरच्याकडे सोय नसेल तेव्हा कॉल गुपचूप उघडा लागतो.

४. कोड वाचून दाखवा. दोन फोनांच्या मध्ये कोणी बसून दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवली, तर ते ओळखायचा हाच मार्ग. पहिल्या कॉलमध्ये पडद्यावर छोटा कोड येतो. अर्धा तुम्ही वाचा, अर्धा त्यांना वाचू द्या. चार अक्षरी कोड चोरट्या मध्यस्थाला योगायोगाने जुळवता येण्याची शक्यता दहा लाखांत जेमतेम एक. आवाज ओळखीचा आहे ना, याकडे कान द्या. एकदा जुळलं की फोन ते लक्षात ठेवतो.

जुळलं नाही तर काही न बोलता कॉल ठेवा आणि दुसऱ्या नेटवर्कवरून पुन्हा लावा.

साध्या लँडलाइन किंवा मोबाइल नंबरावर कॉल केलात, तर यातलं संरक्षण फार तर गेटवेपर्यंतच, म्हणजे इंटरनेटवरचा कॉल साध्या फोन नेटवर्कला जोडणाऱ्या यंत्रापर्यंतच, पोचतं.