दोन कॉम्प्युटर, फाइल एकच

मी घरून अक्षरजुळणीचं काम करते आणि माझी नणंद त्याच मजकुराचं मुद्रितशोधन करते. माझा डेस्कटॉप, पलीकडच्या खोलीत तिचा लॅपटॉप. कित्येक वर्षं दोन्ही खोल्यांमधून एक पेनड्राइव्ह ये-जा करत होता. एकदा तिने एका पुस्तकाचं चौथं प्रकरण थेट पेनड्राइव्हवरच तपासून दिलं आणि मी त्याच नावाची माझी जुनी फाइल त्यावर चढवली. “वहिनी, ह्या चुका मी परवाच काढल्या होत्या,” असं ती म्हणाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ४८ पानं तिला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली. त्या रात्री मी दोन्ही कॉम्प्युटर जोडायला बसले.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवा: फाइल राहणार कुठे? आमच्याकडे ती डेस्कटॉपवर राहते. लॅपटॉप ती तिथेच उघडतो, तिथेच सेव्ह करतो, स्वतःकडे प्रत ठेवत नाही. पेनड्राइव्हवर कोणी कोणाची फाइल पुसली तरी कळत नाही. शेअर केलेल्या फोल्डरमधली वर्डची फाइल मी उघडून बसले असेन, तर नणंदेला ती उघडताना सूचना मिळते की ही दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे. आमचं चौथं प्रकरण एवढ्या सूचनेने वाचलं असतं.

आमच्या दोन्ही मशीनवर विंडोज ११ आहे, म्हणून तीच रीत सांगते. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर हवेत; एक केबलने आणि दुसरा वाय-फायने असला तरी चालतं. मात्र एखादा ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायवर असेल, तर ते एकमेकांना बहुधा दिसणार नाहीत, कारण पाहुण्यांची उपकरणं वेगळी ठेवण्यासाठीच ते नेटवर्क असतं. आणि दोन्ही टोकांना सारखीच चपटी पिन असलेली साधी यूएसबी केबल दोन कॉम्प्युटरमध्ये कधीही लावू नका. दोन्ही बाजूंनी ५ व्होल्टचा पुरवठा समोरासमोर येतो आणि पोर्ट जळू शकतो.

आता दोन्हीकडे सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडून आपल्या नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करा. तो ‘पब्लिक’ असेल तर विंडोज कॉम्प्युटरला लपवून ठेवतं, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायव्हेट नेटवर्कसाठी नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. डेस्कटॉपला इंग्रजी लिपीत, १५ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता एक सोपं नाव द्या.

पासवर्डचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पासवर्ड-प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, सगळ्यांना मोकळं सोडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. उद्या घरात आलेल्या कोणाचाही लॅपटॉप त्याच वाय-फायला जोडला गेला, तर लोकांची अप्रकाशित पुस्तकं त्याला उघडी पडतील. मी डेस्कटॉपवर नणंदेच्या नावाचं एक साधं लोकल खातं काढलं: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, आणि तिथे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचा पर्याय. पासवर्ड रिकामा ठेवू नका; रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. रोज उघडताना वापरतो तो चार आकडी पिनही इथे चालत नाही, खरा पासवर्डच लागतो. आमची पहिली संध्याकाळ त्या पिनमध्येच गेली.

मग ‘चालू कामं’ नावाचं फोल्डर केलं. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि वरचं साधं ‘शेअर’ बटण. यादीतून नणंदेचं खातं निवडलं आणि रीड/राइट दिलं. खालच्या अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगने फक्त नेटवर्कवरची परवानगी बदलते, फोल्डरच्या स्वतःच्या सिक्युरिटीची नाही. दोन्हींपैकी जी कडक तीच लागू होते, म्हणून सगळं दिल्यासारखं वाटूनही ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. वरच्या बटणाने दोन्ही परवानग्या एकदम बसतात.

लॅपटॉपवर फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे तिरपे दांडे (\\) आणि पुढे डेस्कटॉपचं नाव लिहा. विचारेल तेव्हा त्या नव्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्या. नाव मान्य झालं नाही, तर आधी डेस्कटॉपचं नाव, एक उलटा दांडा आणि मग खात्याचं नाव असं लिहून पाहा. फोल्डर दिसलं की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने त्याला झेड अक्षर द्या आणि पुन्हा जोडण्याच्या चौकटीत खूण करा. नणंदेसाठी ते आता झेड ड्राइव्ह आहे, बस्स.

नावाने सापडत नसेल तर डेस्कटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, लिहून बघा. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल किंवा वाय-फाय तपासा. जुन्या सूचनांमध्ये ‘एसएमबी १’ ही फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत चालू करा असं सापडेल. करू नका. २०१७ साली वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर त्यातल्याच त्रुटीचा फायदा घेत पसरलं. होमग्रुप ही विंडोजची घरगुती शेअरिंगची जुनी सोयही शोधू नका, २०१८ मध्ये विंडोज १० मधूनच ते काढून टाकलं गेलं.

एक धोका आम्हाला उशिरा कळला. झेड ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणून छापून झालेली पुस्तकं मी ‘जुनी कामं’ ह्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवते आणि ते नणंदेच्या खात्याला फक्त रीड आहे. तिच्यावर अविश्वास म्हणून नाही. लॅपटॉपमध्ये उद्या व्हायरस शिरला, तर लिहिण्याची मुभा असलेलं सगळंच तो खराब करू शकतो. शिवाय शेअर म्हणजे बॅकअप नव्हे. दर शनिवारी दोन्ही फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातात आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवते.

वेगाचंही एक सांगते. डेस्कटॉप आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १००० मेगाबिटचे, तरी फाइली सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईनात. केबल दाराच्या फटीतून नेली होती, तिथे ती चेपली होती. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली की जोडणी १०० मेगाबिटवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबीवर, उतरू शकते. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसला की केबलवर संशय घ्या. नवी टाकल्यावर १०००/१००० झालं.

प्रिंटर यूएसबीने डेस्कटॉपला आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंगमध्ये खूण केली, आणि लॅपटॉपवर तेच दोन दांडे नि नाव लिहून प्रिंटरवर डबल क्लिक. अडलं तर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, लॅपटॉपवर आधी टाका. डेस्कटॉप झोपला की प्रिंटर आणि झेड दोन्ही गायब होतात, म्हणून त्याची ‘स्लीप’ बंद ठेवा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. प्रिंटर शेअर केल्याने त्यातला स्कॅनर मात्र शेअर होत नाही. मी डेस्कटॉपवर स्कॅन करून थेट ‘चालू कामं’मध्ये सेव्ह करते, नणंद तिथून उचलते.

कधी ती लॅपटॉप माझ्याच टेबलावर घेऊन येते. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज ह्या मोफत प्रोग्राममधल्या ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ने माझा माउस कडेला नेला की तिच्या स्क्रीनवर जातो, कीबोर्डही त्यामागे. एका मशीनवर तयार झालेली ‘सिक्युरिटी की’ दुसऱ्यावर टाकायची, एवढंच. मॅक किंवा लिनक्स असेल तर ‘इनपुट लीप’ हा तसाच प्रोग्राम पाहा.

आणि फॉन्ट! फाइल शेअर होते, फॉन्ट होत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या देवनागरी फॉन्टमधलं प्रकरण नणंदेने उघडलं तर तिला नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसली. काही बिघडलं नव्हतं, तो फॉन्ट तिच्याकडे नव्हता, एवढंच. परवाना दोन मशीनसाठी आहे ना हे बघून मी फॉन्ट ‘चालू कामं’मध्ये ठेवले, तिने तिथून इन्स्टॉल केले, वर्ड बंद करून पुन्हा उघडलं, आणि प्रकरण मराठीत दिसलं.