लग्न आणि पोर्ट्रेट : छायाचित्रणाचा व्यवसाय उभा करताना

लग्नाची छायाचित्रे काढणे आणि पोर्ट्रेट काढणे ही कामे एकाच कॅमेऱ्याने होत असली, तरी धंदा म्हणून दोहोंचा स्वभाव निराळा आहे. लग्नाची तारीख आपण ठरवत नाही आणि हुकलेला क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. त्यामुळे तिथे मोबदला मोठा आणि जोखीमही मोठी. पोर्ट्रेटचे काम लहान असते, वारंवार येते, आणि मनासारखे झाले नाही तर आठवडाभराने पुन्हा करता येते. लग्ने ठरावीक महिन्यांत दाटीने येतात आणि नंतर बराच काळ कॅमेरा बॅगेत पडून राहतो. पोर्ट्रेट मात्र वर्षभर, मधल्या वारीसुद्धा, घेता येते. नुसत्या लग्नांवर विसंबणाऱ्याची रिकाम्या महिन्यांत ओढाताण होते, आणि नुसत्या पोर्ट्रेटवर नवख्याला घर चालवणे जड जाते. म्हणून दर, करार, वेळापत्रक आणि जाहिरात या सगळ्यांचा विचार करताना ही दोन्ही कामे एकमेकांना कशी सांभाळून घेतील, हे आधी पाहावे.

हात बसवणे

स्वतःच्या नावावर लग्नाची ऑर्डर घेण्यापूर्वी एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली निदान एक हंगाम काढावा. कॅमेऱ्याची बटणे घरी बसून शिकता येतात. पण विधी चालू असताना कुठे उभे राहावे, पाहुण्यांच्या आड न येता पुढे कसे सरकावे, आणि कार्यक्रम तासभर लांबला की कोणत्या छायाचित्रांवर पाणी सोडावे व कोणती काही झाले तरी घ्यावीत, हे प्रत्यक्ष कामातच कळते. तिथे काढलेली छायाचित्रे स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायची असतील, तर मुख्य छायाचित्रकाराची परवानगी आधीच आणि लेखी घ्यावी.

पोर्ट्रेटसाठी मात्र कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक खिडकी, एक खुर्ची आणि अर्धा तास बसायला तयार असलेला मित्र एवढे पुरते. त्याला खिडकीला काटकोनात बसवावे, म्हणजे अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा सावलीत जाईल. मग मान हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगावे. एका टप्प्यावर सावलीतल्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटतो. चित्रकार रेम्ब्राँ याच्या नावाने ओळखली जाणारी प्रकाशयोजना ती हीच. दोन्ही डोळ्यांत खिडकीची चमक उतरली आहे ना, हेही पाहावे, कारण तिच्याविना नजर निर्जीव वाटते. आता कॅमेरा अर्ध्या मीटरवर नेऊन एक आणि दोन मीटर मागे येऊन दुसरे छायाचित्र घ्यावे. पहिल्यात नाक पुढे आलेले आणि कान आक्रसलेले दिसतील, दुसऱ्यात चेहऱ्याचे प्रमाण जागेवर आलेले असेल. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स पोर्ट्रेटसाठी सोयीची मानतात, ती दोन मीटरवरून चेहरा आणि खांदे चौकटीत नेमके बसतात म्हणून.

सामान

सामानाचे वेड हा या पेशातला जुना रोग आहे, आणि सुरुवातीचे भांडवल बहुतेक वेळा त्यातच अडकते. लग्नासाठी दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) हव्यातच, कारण एक बंद पडली तर दुरुस्तीला वेळ नसतो. मुख्य बॉडीत दोन मेमरी कार्डे बसत असावीत आणि प्रत्येक छायाचित्र दोन्हींवर एकाच वेळी उतरत असावे. एक ३५ आणि एक ८५ मिलिमीटरची लेन्स, दोन फ्लॅश आणि भरपूर चार्ज केलेल्या बॅटऱ्या एवढ्यावर पहिली काही लग्ने नीट पार पडतात. विधी लांबून टिपावा लागणार असेल तर ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स लागते, पण ती भाड्याने आणावी; एकाच हंगामात तीन-चार वेळा भाडे भरावे लागले, की मग विकत घेण्याचा विचार करावा.

फाईल नेहमी रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली, ठेवावी. सभागृहात साध्या दिव्यांचा पिवळसर उजेड साधारण ३२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपासचा असतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की होणारी रंगांची गफलत नंतर सावरायला रॉ फाईलमध्ये वाव असतो. फ्लॅश थेट तोंडावर न मारता पांढऱ्या छतावर मारला तर उजेड मऊ पसरतो. छत रंगीत असेल तर मात्र तोच रंग चेहऱ्यावर येतो, याचे भान ठेवावे.

समूहचित्रांना नवखे छायाचित्रकार कमी लेखतात आणि घरातली मोठी माणसे मात्र आल्बममध्ये आधी तीच शोधतात. दोन रांगा उभ्या असताना एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे ठेवून, छायाचित्र घेतले तर मागची रांग पुसट होण्याची भीती असते; छिद्र लहान करून एफ/५.६ ते एफ/८ ठेवावे, आणि उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा. एका गटाला माणसे जमवण्यासह तीन-चार मिनिटे लागतात. म्हणजे बारा गटांना पाऊण तास गेला. म्हणून गटांची यादी आधी लिहून घ्यावी, आणि नातेवाइकांना नावानिशी ओळखणारा, खणखणीत आवाजाचा घरचा एक माणूस हाका मारायला मागून घ्यावा.

दर ठरवणे

बाजारात काय चालले आहे ते पाहून त्याहून थोडे कमी सांगायचे, ही दर ठरवण्याची सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक पद्धत आहे. पॅरिसमधल्या आंद्रे दिस्देरीने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक लहान पोर्ट्रेट घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पोर्ट्रेट एकदम स्वस्त केले. त्याचे मोठे नाव झाले, पण तेच काम लवकरच इतरही करू लागले, आणि १८८९ मध्ये तो वारला तेव्हा कफल्लक होता. स्वस्ताई ही कोणालाही उचलता येणारी युक्ती आहे, एवढे तरी त्यातून घ्यावे.

दर तासांवरून काढावा. समजा एका लग्नाला प्रत्यक्ष दहा तास काम आहे. त्यापूर्वीच्या भेटी आणि जागेची पाहणी यांत चार तास जातात. नंतर दोन-अडीच हजार छायाचित्रांतून पाचशे निवडणे, त्यांचे एडिटिंग, आल्बमची मांडणी, दुरुस्त्या आणि सुपूर्द करणे यांत छत्तीस तास सहज जातात. एका लग्नाचे असे पन्नास तास झाले. पोर्ट्रेटचे सत्र दीड तासाचे असले तरी बोलणी, निवड आणि रिटचिंग (छायाचित्रातले बारीक दोष काढणे) धरून सात तासांवर जाते. वर्षाला २५ लग्ने आणि ६० पोर्ट्रेट धरली तर १२५० आणि ४२० मिळून १६७० तास होतात. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ४८ आठवडे काम करणाऱ्याकडे एकूण १९२० तास असतात. म्हणजे हिशेब, जाहिरात, चौकशीचे फोन आणि सामानाची देखभाल यांना अडीचशे तासच उरतात. याहून जास्त कामे घेऊ असे ज्याला वाटते त्याने झोप कुठून आणणार, हेही लिहून पाहावे.

आता वर्षाचा खर्च मांडावा. कॅमेरे व संगणकाचा घसारा, सॉफ्टवेअरचे वर्गणीशुल्क, विमा, जागेचे भाडे, प्रवास आणि कर हे सगळे त्यात यावे, आणि स्वतःचा पगारही खर्चातच धरावा. उरले तर घेऊ, अशा समजुतीने चालवलेला धंदा हा छंदच राहतो. ही बेरीज १६७० ने भागली की एका तासाचा किमान भाव मिळतो. त्याला पन्नासाने गुणून वर आल्बमची छपाई आणि मदतनिसाचे मानधन घातले की लग्नाचा तळदर निघतो, आणि त्यावर नफा. हा आकडा बाजारभावाच्या बराच वर गेला, तर दर पाडण्याऐवजी खर्च आणि तास तपासावेत. एडिटिंगमध्ये बहुधा सर्वांत जास्त तास वाया जातात.

गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर किंमत कमी करण्याऐवजी काम कमी करावे : आल्बमची पाने, उपस्थितीचे तास किंवा दुसरा फोटोग्राफर यांपैकी काहीतरी वगळावे. काम तेच ठेवून दर उतरवला, तर आधीचा दर फुगवलेला होता असाच त्याचा अर्थ होतो.

करार

तोंडी ठरलेले काम घेऊच नये, ओळखीच्या घरातले असेल तर मुळीच नाही. करारपत्र दोन पानांचे पुरते, पण त्यात तारीख, जागा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबावे लागल्यास तासाचा दर, दिल्या जाणाऱ्या छायाचित्रांची किमान संख्या, ती मिळण्याची मुदत आणि पैशांचे टप्पे स्पष्ट असावेत. तारीख अडवताना घेतलेली आगाऊ रक्कम परत मिळणार की नाही, लग्न पुढे ढकलले गेले तर ती नव्या तारखेला वळती होणार का, आणि छायाचित्रकार आजारी पडला तर बदली माणूस कोण देणार, ही कलमे लिहिताना अवघडल्यासारखे होते. ऐनवेळी आधार मात्र त्यांचाच असतो. उरलेली रक्कम लग्नाच्या दिवसापूर्वीच जमा व्हावी.

छायाचित्रांच्या मालकीबद्दल वेगळे कलम हवे, कारण कायदा सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छायाचित्रकाराकडे कॉपीराइट साधारणपणे आपोआप राहतो, तर भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. हक्क कोणाकडेही असो, जाहिरातीत किंवा इंटरनेटवर चेहरा वापरण्याची संमती निराळी घ्यावी, आणि लहान मुलांच्या बाबतीत ती पालकांकडूनच.

काम हातात देईपर्यंत

लग्नाहून परतल्यावर, कितीही थकवा असला तरी, कार्डे रिकामी करूनच झोपावे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम जुना आहे आणि त्याला पर्याय नाही. छायाचित्रे हातात दिली जाईपर्यंत मूळ कार्डे पुन्हा वापरू नयेत. एडिटिंगचा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (रंग आणि उजळपणा मोजून जुळवलेला) नसेल तर पडद्यावर उजळ दिसणारा चेहरा छापल्यावर काळवंडतो. ऑनलाइन पाहण्यासाठीच्या फाईली एस-आरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगपद्धतीत द्याव्यात आणि छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल पुरतील असा आकार ठेवावा.

तक्रारी छायाचित्रांच्या दर्जापेक्षा उशिराबद्दल जास्त येतात. पहिली दहा-पंधरा छायाचित्रे दोन दिवसांत पाठवावीत, म्हणजे घरच्यांचा उत्साह ताजा असताना ती सर्वत्र फिरतात. उरलेल्यांसाठी सहा आठवडे लागत असतील तर करारात आठ लिहावेत.

वाढ

नमुन्यादाखल तेच काम दाखवावे जे पुढे मिळावेसे वाटते. निरनिराळ्या लग्नांतली चमकदार छायाचित्रे दाखवण्यापेक्षा एका लग्नाची सकाळपासून रात्रीपर्यंतची पूर्ण मालिका दाखवली, तर अंधाऱ्या सभागृहात आणि घाईच्या वेळी हा माणूस काय करतो ते पाहणाऱ्याला दिसते. सभागृहाचे व्यवस्थापक, सजावटकार आणि मेकअप करणारे यांना त्यांच्या कामाची चांगली छायाचित्रे नावासह वापरायला द्यावीत. पुढच्या चौकशा त्यांच्याकडूनच येतात.

आणि इथे लग्न व पोर्ट्रेट यांची सांगड कामी येते. लग्नापूर्वी जोडप्याचे एक छोटे पोर्ट्रेट सत्र ठेवले, की कॅमेऱ्यासमोरचा त्यांचा संकोच जातो आणि कोणाला कोणती बाजू शोभते तेही कळते. लग्नानंतर त्याच घरी लग्नाच्या वाढदिवसाला, बाळ आल्यावर, आजीआजोबांच्या पंचाहत्तरीला काम निघते. लग्नाच्या दिवशी भेटलेल्या पाहुण्यांपैकी कोणाला कार्यालयासाठी पोर्ट्रेट हवे असते, आणि एका कार्यालयात गेले की तिथे वीस जण रांगेत उभे राहतात. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाची साधी नोंदवही ठेवावी : तारीख, घरातली माणसे, काय दिले, आणि पुन्हा केव्हा विचारायचे.

मदतनीस घ्यायचा तर पहिला एडिटिंगसाठी घ्यावा. कॅमेरा धरणारा नंतर. दरवाढीची वेळ तारखांच्या वहीवरून ओळखावी : हंगाम सुरू होण्याच्या सहा महिने आधीच तारखा भरू लागल्या, तर पुढच्या वर्षीच्या चौकशीला नवा दर सांगावा, आणि ज्यांनी आधीच आगाऊ रक्कम भरली आहे त्यांचे काम जुन्याच दराने पुरे करावे.