लिनक्सवर रिअलटेकचं लॅन कार्ड चालत नसेल तर

आधी केबल आणि पोर्टवरची लाइट बघा, मग टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय -एनएनके (lspci -nnk) ही कमांड मारा, इथरनेट कंट्रोलरच्या खाली कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसतं. आर८१६९ (r8169, लिनक्सच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्येच येणारा रिअलटेकचा ड्रायव्हर) दिसला तर ड्रायव्हर आहे, उगाच बाहेरून दुसरा आणून टाकू नका, कर्नल अपडेट झालं की तो परत बिल्ड करावा लागतो आणि नेट नसताना ते करणं म्हणजे जीव नकोसा होतो. ड्रायव्हरची ओळच नसेल आणि कार्ड अडीच गिगाबिटवालं आरटीएल८१२५ असेल तर कर्नल ५.४ किंवा पुढचं लागेल. सिस्टिमच्या लॉगमध्ये फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) लोड झालं नाही असं येतंय? डेबियनवर फर्मवेअर-रिअलटेक (firmware-realtek) पॅकेज टाका, डेबियन १२ पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर (non-free-firmware) या पॅकेजांच्या विभागात आहे. तेवढ्यापुरतं नेट मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगने मिळतं.