फ्रँचायझी घेताय? सही करायच्या आधी या चुका टाळा

निपाणीत माझ्या मामेभावाने चहाची फ्रँचायझी घेतली, फी ४ लाख, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ७२ हजार हे त्याला बिल हातात आल्यावर कळलं. कंपनीचं नाव घेत नाही. ११ महिन्यांत शटर बंद झालं आणि अ‍ॅग्रीमेंट मी पहिल्यांदा वाचलं ते त्यानंतर. आता बेळगाव, खानापूर, चिकोडी सगळीकडे पोरं गावची जमीन नाहीतर घरातलं सोनं गहाण टाकून फ्रँचायझी घ्यायला लागलीत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कंपनीला सगळं सांगावंच लागत असेल, कायदा असणारच की, असं धरून चालणं. आपल्याकडे तसा कायदाच नाही. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला २३ मुद्द्यांचं डिस्क्लोजर डॉक्युमेंट (कंपनीची सगळी माहिती उघड करणारा कागद) सही किंवा पैशाच्या निदान १४ दिवस आधी हातात द्यावं लागतं, त्यात कंपनीवरच्या केसेस, किती आउटलेट बंद पडली, फ्रँचायझीवाल्यांचे फोन नंबर, ताळेबंद हे सगळं येतं. चीनमध्ये तर स्वतःची निदान २ दुकानं वर्षभर चालवल्याशिवाय फ्रँचायझी विकताच येत नाही. भारतात मात्र मुख्य आधार १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, आणि त्याचं कलम १७ म्हणतं की बोलायचं बंधन नसेल तर नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही. वर कलम १९ असं की समोरच्याने काही लपवलं, पण तुम्ही साधी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं, तर करार रद्द करायचा हक्कच जातो. म्हणजे चौकशी न करण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

म्हणून विचारायचं, आणि ते फोनवर नाही, ईमेलवर. गेल्या ३ वर्षांत किती आउटलेट उघडली, किती बंद झाली, बंद झालेल्यांचे नंबर द्या, आमच्या भागात दुसरं आउटलेट देणार का, माल तुमच्याकडूनच घ्यायचा का आणि रेट कोण वाढवणार, रॉयल्टी, म्हणजे कंपनीला द्यायचा वाटा, विक्रीवर की नफ्यावर. एवढं पुरे. उत्तरच दिलं नाही तर तिथेच थांबा, आणि माहीत असून लेखी खोटं उत्तर दिलं तर ते गप्प बसणं राहत नाही, ती सरळ फसवणूक होते आणि मग "तुम्ही चौकशी का नाही केली" हा बचाव त्यांना चालत नाही. तो एक ईमेल पुढे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा होतो.

मामेभावाच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पान ३ वर एकच शब्द होता, नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे त्या भागात दुसऱ्यालाही आउटलेट देता येतं. त्याला दाखवला तर म्हणाला, "अरे पण ते फोनवर म्हणाले होते की निपाणीत दुसरं देणार नाही म्हणून." पाचव्या महिन्यात बसस्टँडजवळ त्यांचंच दुसरं दुकान उघडलं. आणि शेवटच्या पानावर ओळ होती की या कराराबाहेरचं कोणतंही तोंडी आश्वासन धरलं जाणार नाही. सेल्सवाल्याचं प्रत्येक वाक्य करारात घालून घ्या, घालायला तयार नसेल तर ते वाक्य तो बोललाच नाही असं समजा.

तसंच प्रोजेक्शनच्या शीटचं, म्हणजे कंपनी दाखवते त्या विक्रीच्या अंदाजाचं. त्यात रोज ५०० कप धरले होते, निपाणीत कसेबसे १८० जायचे. हा ५०० चा आकडा कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानाचा हे विचारा, आणि एक दिवस स्वतः तिथे जाऊन बसा.

घरबसल्या होणारी तपासणीही लोक करत नाहीत. एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर कंपनी कधी सुरू झाली, डायरेक्टर कोण हे फुकट दिसतं. ट्रेडमार्क सर्चमध्ये ब्रँड रजिस्टर आहे की नुसता अर्ज पडलाय ते बघा, ट्रेडमार्कमध्ये हॉटेल-चहाचा वर्ग म्हणजे क्लास ४३. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून केसेस बघा. नावाजलेल्या ब्रँडच्या खोट्या वेबसाइट काढूनही पैसे उकळतात, तेव्हा पैसे कुणा माणसाच्या खात्यावर पाठवू नका, गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आपल्या भागातला एक खर्च कुणी सांगत नाही. कर्नाटकात २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं आणि कंपनी पाठवते इंग्लिश बोर्ड, मग नवीन बोर्डाचा खर्च कुणाचा ते आधीच लिहून घ्या.

वादाचं कलम तर नक्की वाचा. लवाद (कोर्टाऐवजी खासगी पंचाकडून निवाडा) गुरुग्रामला असं लिहिलेलं असेल तर बेळगावच्या कोर्टातून तुम्हाला तिकडेच पाठवतील, दर तारखेला जाणं कुणाला परवडतं? करारातच बेळगाव मागा. आणि एकटा पंच कंपनीच नेमणार असं कलम असेल तर २०१९ पासून सुप्रीम कोर्टाने ते चालत नाही म्हटलंय, वकिलाला हे सांगा.

आधीच अडकला असाल तर व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. फसवणूक कळल्यावरही गप्प राहून महिनोन्‌महिने रॉयल्टी भरत राहिलात तर तुम्हाला करार मान्य होता असं धरलं जाऊ शकतं, तेव्हा नोटीस लवकर पाठवा. करारात लवाद नसेल आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर कमर्शियल दाव्याआधी, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर, मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थामार्फत तडजोडीला, जावं लागतं, आणि ते बरंच, खर्च कमी. मामेभावाला नोटिशीनंतर डिपॉझिट परत मिळालं, फी नाही. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं, फसवणुकीत ती कळल्यापासून मोजतात, म्हणून तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं ती तारीख आजच वहीत लिहा.