डर्बीची गाडी कशी तयार करावी: वेल्डिंग नंतर, पेट्रोल आधी

अमेरिकेतल्या ओहायो-इंडियाना भागात उन्हाळा लागला की काउंटी फेअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेत, डिमॉलिशन डर्बी होते. चिखलाचं मैदान, कडेला काँक्रीटचे ठोकळे, आत जुन्या गाड्या एकमेकींना धडका देतात आणि शेवटपर्यंत जी हलत राहते ती जिंकते. इथे शिकायला, नोकरीला आलेली मराठी पोरं बघायला येतात, आणि दरवर्षी एखादा तरी विचारतो, "काका, मलाही उतरायचंय. वेल्डिंग कुठून सुरू करू?" वेल्डिंगपासून सुरुवात करायचीच नाही. अकरा वर्षं मी या गाड्या तयार करतोय. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मोडून बाद झालेल्या गाड्या मी कमी पाहिल्या. इंजिनाला पेट्रोल पोचलं नाही किंवा एखादी वायर तुटली म्हणून धडधाकट अंगाने मैदानात उभ्या राहिलेल्या कितीतरी जास्त.

तुम्ही जिथे उतरणार तिथली नियमावली आधी हातात घ्या. एका फेअरचे नियम दुसऱ्या फेअरला चालत नाहीत. पहिल्या वर्षी 'स्टॉक' वर्गातच उतरा, जिथे चासीला हात लावायची परवानगी जवळपास नसते.

गाडी निवडताना

गाडी मोठी हवी, वेगळ्या चासीवर बॉडी बसवलेली, व्ही-8 इंजिनाची, मागच्या चाकांना ताकद देणारी. 1971 ते 1976च्या शेवरले इम्पाला-कॅप्रिस अजूनही लोकांना स्वप्नात दिसतात. मिळाली तर महाग मिळते आणि सुटे भाग शोधण्यात हिवाळा जातो. 1964 ते 1966ची क्रायस्लर इम्पीरियल तर विसराच. तिची चासी इतकी भक्कम की बहुतेक ठिकाणी तिला बंदीच आहे. आज परवडणारी गाडी म्हणजे फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया किंवा तिच्या बहिणी, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार. हे घराणं 1979 मॉडेलपासून 2011पर्यंत चाललं.

माझं मत स्पष्ट आहे: 2002पर्यंतचीच घ्या. 2003पासून पुढची चासी बदलली आणि इंजिनाखालचा आडवा बीम अ‍ॅल्युमिनियमचा झाला. लोखंड वाकतं, वाकूनही काम करतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियम तडकतं. निवृत्त पोलीस गाडी मिळाली तर चांगलंच, फक्त तिचं इंजिन तासन्‌तास उभ्या उभ्या चाललेलं असतं हे लक्षात ठेवा.

बघायला जाताना हातोडी न्या. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने चासी आतून खाल्ली जाते. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर जिथे चासी कमानीसारखी उठते तिथे ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर घरी परत या. रंग, सीट, किलोमीटर काही बघू नका. रिव्हर्स गिअर मात्र इंजिन थंड असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा तपासा, कारण डर्बीत तुमचं हत्यार गाडीची मागची बाजू आहे, धडक रिव्हर्समध्ये द्यायची असते. मालकीचं टायटल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

काचा, सीट, गालिचे, प्लॅस्टिक, क्रोमच्या पट्ट्या: सगळं बाहेर. एका दिवसाचं काम.

पेट्रोलची टाकी: इथे घाई केलीत की संपलं

या गाड्यांची मूळ टाकी मागचा अ‍ॅक्सल आणि डिकी यांच्यामध्ये उभी बसवलेली असते, म्हणजे डर्बीत जिथे सगळ्यात जास्त मार बसतो नेमकी तिथे. "रिकामी करून राहू दे" असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ जास्त घातक. गॅस कटर किंवा वेल्डिंगचं यंत्र गाडीजवळ आणण्याआधी टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली पाहिजे. या एका बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ निघून जातो.

नवी टाकी धातूची, साधारण 20 लिटरची, मागच्या सीटच्या जागी, मधोमध. मागच्या पत्र्यापासून हातभर अंतर सोडा, कारण डिकी चेपत आत येणारच आहे. सामान बांधायच्या पट्ट्यांनी टाकी बांधू नका. लोखंडी पट्टी, आरपार बोल्ट, आणि पत्र्याच्या खालून जाड प्लेट. नुसत्या पत्र्यात मारलेला बोल्ट दुसऱ्या धडकेला पत्रा फाडून वर येतो.

पंप टाकीच्या अगदी जवळ आणि खाली लावा, तो ओढण्यापेक्षा ढकलतो चांगला. दुकानात कार्ब्युरेटरचा स्वस्त पंप पुढे करतील. तो 5 ते 7 पीएसआय (दाबाचं माप) देतो, आणि तुमच्या 4.6 लिटरच्या इंजेक्शन इंजिनाला 30 ते 40 लागतात. नळीही इंजेक्शनच्या दाबाचीच घ्या आणि प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प लावा. इंजिनाकडून परतीची नळी येत असेल तर ती टाकीतच परत आणा, बूच मारून बंद करू नका.

आता ज्याने मला एक अख्खं वर्ष घालवायला लावलं ते सांगतो. माझी दुसरी डर्बी. गाडी मनासारखी झालेली, पहिल्या दोन धडका उत्तम. तिसरी मागून बसली आणि इंजिन बंद. स्टार्टर फिरतोय, इंजिन पेटत नाही. गाडी पुन्हा हलवायला ठरलेला एक मिनिट संपला, दाराला लावलेली काठी मी स्वतः मोडली, म्हणजे माघार. घरी आणून तीन आठवडे प्लग, रिले, पंप सगळं तपासलं. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने डिकीतल्या एका छोट्या डबीवरचं बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. फोर्ड या गाड्यांमध्ये एक इनर्शिया स्विच बसवायची. अपघाताचा धक्का बसला की तो पंपाची वीज तोडतो. रस्त्यावर तो जीव वाचवतो. डर्बीत प्रत्येक धडक त्याच्यासाठी अपघातच.

म्हणून त्याच्या दोन वायरी थेट जोडा. पण थांबा, इथे अर्धंच काम झालंय. एक सुरक्षा काढलीत तर दुसरी तुम्हीच द्यायची. पंपाचा वेगळा लाल स्विच डॅशबोर्डच्या मध्यावर लावा, सीटबेल्ट बांधलेल्या अवस्थेत तुमचा हात पोचेल आणि दोन्ही खिडक्यांतून अग्निशमनवाल्यांचाही पोचेल असा. शेजारी मोठ्या अक्षरांत 'ऑफ' लिहा. हा स्विच नसलेली गाडी मी कुणाला मैदानात नेऊ देत नाही.

पुढची परीक्षा मोकळ्या शेतात. टाकी अर्धी ठेवा, फुल रिव्हर्स मारा आणि करकचून ब्रेक. दहा वेळा. इंजिन खोकलं तर पेट्रोल एका बाजूला सरकतंय आणि नळीत हवा जातेय. उचलणारी नळी टाकीच्या मध्यावर, तळाला टेकेल इतकी खाली हवी. मग पंप चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरा, दहा मिनिटं. एक थेंब दिसला तरी पुन्हा सुरुवातीपासून.

बाकीचं

बॅटरी शेजारच्या सीटच्या जागी जमिनीवर, बोल्ट मारलेल्या पेटीत, वर रबर. रेडिएटरमध्ये फक्त पाणी. बॉनेटला आग विझवण्यापुरतं भोक. दारं नियमावली म्हणेल तशी साखळीने किंवा वेल्डिंगने बंद.

ड्रायव्हरच्या दारावर मात्र कंजुषी नको: बाहेरून जाड प्लेट, आतून सीटमागे आणि डॅशसमोर आडवा पाइप, समोरच्या काचेच्या जागी उभ्या सळ्या. ड्रायव्हरच्या दारावर मारायचं नाही हा नियम सगळीकडे असतो, पण चिखलात गाडी घसरते. अंगात सुती कपडे, डोक्याला हेल्मेट, आणि सीटबेल्ट शाबूत गाडीतून काढलेला, भंगारातला नाही.

मैदानात पुढून धडक देऊ नका, रेडिएटर गेला की दहा मिनिटांत इंजिन गेलं. गाडीच्या मागच्या बाजूनेच मारा. आणि फेरी जिंकलीत तर लोकांशी बोलण्याआधी गाडीत डोकं घाला, टाकीच्या पट्ट्या पान्याने पुन्हा आवळा. त्या पहिल्या फेरीत सैल झालेल्या असतातच.