चिखल्या, गजकर्ण, नखुरडं: कोकणच्या पावसाळ्यात त्वचेच्या बाबतीत या चुका टाळा

आपल्या कातडीचा सर्वांत बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तळवे सोडले तर तो कागदाहूनही पातळ, पण पाणी आणि जंतू बाहेर ठेवतो तोच. केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशी जांभ्याच्या चिऱ्यांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि सांध्यांत चरबी भरलेली असते. जून ते सप्टेंबर ही भिंत सतत ओली राहते. तिला सुकू द्यायचं सोडून आपण जे जे करतो, त्यानेच दुखणी चिघळतात.

चिखल्यांवर तेल चोपडणे

चिखलणी-लावणीच्या दिवसांत तासन्‌तास पाय पाण्यात असतात. तळपायाचा केराटिनचा थर सर्वांत जाड, म्हणून तो फुगतोही सर्वांत जास्त. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी सर्वांत अरुंद. तिथे वारा लागत नाही, कातडी पांढरीफटक, लिबलिबीत होऊन सुटते. चिखल्यांची सुरुवात बहुधा इथेच होते. मग केराटिनवर जगणारी बुरशी शिरते आणि खाज, वास, चिरा सुरू होतात.

घरोघरी यावर खोबरेल किंवा कोकमतेल लावतात. टाचेच्या भेगांना कोकमतेल उत्तमच आहे, कारण तळपायाला तैलग्रंथी नसतात आणि तिथली कातडी कोरडी पडून फुटते. बेचकीत मात्र उलटा प्रकार असतो. तिथे आधीच ओल आहे, वरून तेलाचा थर दिला की ती आतच कोंडते. कपड्यांच्या साबणाने खसाखसा घासणंही नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 4.5 ते 5.5; साबणाचा 9-10. सांध्यांतली चरबी त्याने आणखी निघून जाते.

मळ्यातून आल्यावर पाय साध्या पाण्याने आणि अंगाच्या सौम्य साबणाने धुवा. जुन्या सुती फडक्याने प्रत्येक बेचकी वेगळी टिपा. दोन्ही पायांच्या मिळून आठ होतात. पाच-दहा मिनिटं पंख्याखाली पाय मोकळे ठेवा आणि मगच 1 टक्का क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाचं मलम दिवसातून दोनदा पातळ लावा. चार आठवडे सोडू नका. खाज आठवडाभरात थांबते, बुरशी नाही.

पायाला चीर असताना मळ्यात उतरणं टाळा. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू अशाच फटीतून शरीरात जातात. उतरावंच लागलं तर गमबूट घाला, आणि प्रतिबंधक गोळीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरी थांबू नका. पाय लाल, गरम होऊन सुजला तरीही तेच.

गजकर्णावर दुकानातून मिळेल ती ट्यूब

गजकर्णही बुरशीचंच, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड खाज दोन दिवसांत थांबवतं, कारण बुरशीशी लढणारी शरीराची यंत्रणाच ते गप्प करतं. लाली उतरते आणि बुरशी बिनबोभाट पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट मोठा चट्टा उठतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. जांघेत असं महिनोन्‌महिने चाललं तर खालच्या थरातलं कोलॅजन झिजून कातडी पातळ होते आणि ताणाचे पट्टे उमटतात. ते कायमचे राहतात.

औषध लावण्यातही चूक होते. चट्ट्याची मधली कातडी बरी दिसत असते, बुरशी जिवंत असते ती कडेला. म्हणून बुरशीनाशक मलम कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर चांगल्या कातडीपासून सुरू करून आत न्या. बाहेरचा थर पूर्ण बदलायला साधारण चार आठवडे लागतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा. घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करा, टॉवेल वेगळे ठेवा. दोरीवर दमट राहिलेल्या कपड्यांना उलट बाजूने, विशेषतः कमरपट्टीवर आणि शिवणींवर, कडक इस्त्री फिरवा.

नखाच्या मुळाची कातडी कापणे

कोळंबी सोलणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या हातांना नखुरडं फार सोसावं लागतं. नखाच्या मुळाशी असलेली पातळ पापडी नख आणि कातडी यांच्यातली फट बुजवते. ती कापली, कुरतडली किंवा भिजून सुटली की पाणी आत जातं आणि नखुरडं होतं. काम करताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाला, आतले ओले झाले की बदला. पू धरला तर सुईने टोचू नका, डॉक्टरांकडे जा. खराब झालेलं नख दुरुस्त होत नाही, मागून नवं यावं लागतं. हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला सहा महिने. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष.

घामोळ्यांवर पावडर

घामाच्या नलिकेचं तोंड बुजलं की घाम कातडीतच अडकतो, तेच घामोळं. पावडरीचा लगदा ते तोंड आणखी बुजवतो. गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे आणि वारा एवढं पुरतं.

प्रत्येक चट्टा गजकर्ण समजणे

पाण्यात बोटं सुरकुततात ती नुसती फुगून नाही. तिथल्या मज्जातंतूंच्या हुकमाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुरकुततात. मज्जातंतू निकामी झालेलं बोट कितीही भिजवलं तरी गुळगुळीत राहतं. कुष्ठरोगात मज्जातंतू असेच निकामी होतात. म्हणून फिकट किंवा लालसर, न खाजणारा चट्टा दिसला तर डोळे मिटून त्यावर कापसाचं टोक फिरवून पाहा. स्पर्श कळला नाही किंवा कमी कळला तर मलम लावत बसू नका, कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात त्याचं औषध मोफत मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं, आणि लवकर सुरू केलं तर हातापायांची बोटं शाबूत राहतात.